सोन्याचा भाव आणि नाण्याचे मोल

(कंधार येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण ही व्याख्यानमाला इतक्या निष्ठेने चालवीत आला आहात, ते आयुष्यभर मन्याडकाठचे शिलालेख, वीरगळ आणि जुनी दप्तरे वाचीत हिंडले आणि जाताना मागे गुंजभरही सोने ठेवून गेले नाहीत. अशा निःस्पृह पुरुषाच्या नावाने उभारलेल्या व्यासपीठावरून मी दुर्मीळ सुवर्णनाण्यांचा संग्रह आणि त्यांचे मूल्यमापन हा विषय मांडावा, हे प्रथमदर्शनी काहींना विसंगत वाटेल. परंतु भूतकाळाची साक्ष नष्ट कशी होते आणि ती वाचवावी कशी, हा जो प्रश्न गुरुजींना सदैव अस्वस्थ करीत असे, त्याचे सुवर्णनाण्याहून अधिक बोलके उदाहरण मला सापडत नाही; आणि त्या उदाहरणाचा विचार करण्यास कंधारइतके योग्य स्थळही दुसरे दिसत नाही. कारण या भूमीच्या सर्वांत मोठ्या वैभवकाळाचे सोन्याचे नाणेच आपल्या हाती नाही.

राष्ट्रकूट नृपती स्वतःस ‘लट्टलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि ते लट्टलूर म्हणजे आपल्या शेजारचे लातूर, असे बहुतेक सर्व इतिहासकार मानतात. इ. स. ७५३ च्या सुमारास दन्तिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांची सत्ता उलथून टाकली, तेव्हापासून इ. स. ९७३ पर्यंत या घराण्याने दक्षिणेवर अधिराज्य केले. वेरूळचे कैलास लेणे त्यांच्याच काळी कोरले गेले, त्यांच्या फौजा उत्तरेस कनौजपर्यंत जाऊन आल्या, आणि आपले कंधार हे त्यांच्या वैभवाचे एक ठाणे झाले. तिसऱ्या कृष्णाच्या काळचा येथील शिलालेख एकामागून एक देवालयांची व त्यांना दिलेल्या दानांची नावे घेतो. आणि येथे सापडलेल्या क्षेत्रपालाच्या भव्य मूर्तीचे नुसते पाऊल पाहिले, तरी ती मूर्ती घडविणाऱ्या राजसत्तेच्या खजिन्याचा अंदाज कोणासही करता येईल. सुलेमान नावाच्या अरब व्यापाऱ्याशी ज्याचे नाव जोडले जाते, त्या इ. स. ८५१ च्या वृत्तांतात या घराण्याच्या राजाला, म्हणजे ‘बल्हरा’ला, जगातील चार थोर राजांच्या पंक्तीत बसविले आहे, आणि त्याच्या राज्यात कोणते द्रम्म चालतात, हेही त्या व्यापाऱ्याच्या नजरेतून सुटलेले नाही.

असे असूनही, ज्यावर सर्व अभ्यासकांचे एकमत होईल असे राष्ट्रकूटांचे एकही सुवर्णनाणे आज दाखविता येत नाही. त्यांच्या ताम्रपटांत आणि शिलालेखांत सुवर्ण, द्रम्म, गद्याणक, कळंजू अशी नाण्यांची व परिमाणांची नावे ठायी ठायी आढळतात; डॉ. अनंत सदाशिव अळतेकर यांनी १९३४ साली राष्ट्रकूटांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या नावांचा सविस्तर ऊहापोह आहे. परंतु शब्द आहेत आणि वस्तू नाही, अशी ती अवस्था. नाशिककडे बागलाणातील देवळाणे येथे कृष्णराजाच्या नावाची रुप्याची नाणी मिळाली, तेव्हा ती काही काळ राष्ट्रकूट कृष्णाची मानली गेली; पुढे विचारान्ती ती त्याच्या कित्येक पिढ्या आधीच्या कलचुरी कृष्णराजाची ठरली. तेव्हा एवढ्या संपन्न साम्राज्याचे सोने गेले कोठे, हा प्रश्न उरतोच. जुनी व परकी नाणी चालू राहिली असतील, देवघेव बरीचशी धान्यात व वजनावर होत असेल. या दोन्ही शक्यता जमेस धरूनही तिसरे एक कारण शिल्लक राहते, आणि तेच आजच्या व्याख्यानाचे सूत्र आहे: सुवर्णनाण्याचा सर्वांत मोठा वैरी म्हणजे त्याच्या अंगचे सोने.

तांब्याचे अथवा शिशाचे नाणे जमिनीत पडले, तर त्याच्या मागे कोणी लागत नाही. सातवाहनांची शिशाची व मिश्रधातूची नाणी तेर, भोकरदन, पैठण येथील पांढरीच्या मातीतून पावसाळा सरला की आपोआप वर येतात, आणि गुराख्याच्या मुठीतून संग्राहकाच्या पेटीत जातात. वाटेत त्यांना मुशीत घालावे असे कोणालाच वाटत नाही. सोन्याच्या नाण्याला हे अभय कधीच लाभले नाही. राजा बदलला, की नवा राजा जुन्याचे नाव पुसून त्याच सोन्यावर आपले नाव उठवितो. लढाई हरली, की ते खंडणीत जाते. घरात लग्न निघाले, की सोनाराच्या भट्टीत जाते. आणि दुष्काळ पडला, की सावकाराच्या तिजोरीत जाते. प्रत्येक वेळी धातू सुरक्षित राहतो आणि अक्षर मरते.

याचे एक ठसठशीत उदाहरण आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे. बहमनी सुलतान पहिला महंमदशहा, ज्याची कारकीर्द १३५८ ते १३७५, याने आपल्या नावाची सोन्यारुप्याची नाणी पाडली. परंतु इतिहासकार फिरिश्त्याच्या कथनाप्रमाणे दख्खनच्या सराफांना विजयनगरचे होन आणि प्रताप अधिक प्रिय असल्यामुळे, व विजयनगर आणि वरंगळ येथील राजांची त्यांना फूस असल्यामुळे, ते सुलतानाची नाणी हाती येताच वितळवून टाकीत. सुलतानाने ताकीद देऊन पाहिली. ती चालेना, तेव्हा त्याने सराफांची कत्तल करविली. एका नाण्याच्या शिक्क्यासाठी माणसांची मुंडकी उडावीत, यावरून राजमुद्रेचा अभिमान किती तीव्र होता हे दिसते. पण सराफाच्या मुशीपुढे राजमुद्रेचाही निभाव लागत नसे, हेही त्याच हकिकतीवरून दिसते. बहमनींचा सुंदर फार्सी-अरबी वळणाचा सुवर्णटंक आज संग्राहकाला इतक्या कष्टाने मिळतो, त्याचे एक मूळ या हकिकतीत आहे.

देवगिरीच्या यादवांची कथा याहून निराळी नाही. अल्लाउद्दीन खिलजीने १२९६ साली देवगिरीवर घाला घातला आणि पुढे मलिक काफूरच्या स्वाऱ्यांनी दक्षिणेचे उरलेसुरले सोने दिल्लीस नेले. त्याच अल्लाउद्दीनाचे, देवगिरीच्या किल्ल्यात पाडल्याचा लेख ज्यांवर आहे, असे सुवर्णटंक आज उपलब्ध आहेत. रामदेवरावाच्या खजिन्यातील नाणे वितळून त्याच गडावर खिलजीचे नाणे झाले असेल, असे अनुमान करण्यास हरकत नाही. तरीही यादवांची काही नाणी या तडाख्यातून निसटली, आणि त्यांतील एकाचे दर्शन मी आपणांस थोड्या तपशिलाने घडवू इच्छितो.

यादवांच्या सुवर्णनाण्यास पद्मटंक म्हणतात. साडेतीन ते चार ग्रॅमांच्या दरम्यान वजन, पातळ आणि किंचित खोलगट, बशीसारखा आकार. ते एका ठोक्यात पाडलेले नसते. टाकसाळीतला कारागीर सोन्याच्या चकतीवर एकेक शिक्का स्वतंत्र ठोकतो. मधोमध अष्टदल कमळ उमटते. मग त्याच्या भोवती, जागा राहील तशी, दोन ‘श्री’, राजाचे नाव आणि शंख वा खड्गासारखी चिन्हे बसविली जातात. मागची बाजू कोरी राहते. सिंघण, महादेव, रामचंद्र ही नावे अशा चिमुकल्या शिक्क्यांतून आपल्यापर्यंत आली आहेत. प्रत्येक शिक्का हाताने ठोकलेला असल्यामुळे कुठे ‘श्री’ कडेवरून घसरलेली असते, कुठे राजाच्या नावावर शेजारच्या चिन्हाचा ठोका चढलेला असतो. दोन पद्मटंक कधीही तंतोतंत सारखे असत नाहीत. हेमाद्रीच्या काळचा कोणी अनामिक टाकसाळकरी कोणत्या क्रमाने हात उचलीत होता, हे भिंगाखाली धरलेल्या नाण्यावर आजही ओळखता येते. हेच नाणे तराजूत घातले, तर त्याची किंमत साडेतीन-चार मासे सोन्याएवढी होते. भिंगाखालच्या आणि तराजूतल्या या दोन किमतींत जे अंतर पडते, ते मोजण्याच्या कलेस नाणेशास्त्रात मूल्यमापन म्हणावयाचे.

मूल्यमापन हे काही आजच्या लिलावगृहांनी शोधून काढलेले शास्त्र नव्हे. आपल्या देशात एकाच बाजारपेठेत वीस-पंचवीस राजांची नाणी एकाच वेळी चालत असत, आणि प्रत्येकाचा कस, वजन आणि झीज निराळी असल्यामुळे, नाणे घेण्यापूर्वी पोतदार अथवा सराफ ते कसोटीवर घाशी, गुंज-मासा-तोळ्याच्या मापाने तोली, कानाशी वाजवी आणि मग त्यावर बट्टा आकारी. सरकारी भरण्यात कोणते नाणे कोणत्या बट्ट्याने घ्यावयाचे, याचे तपशील जमाबंदीच्या कागदांत सापडतात. कृष्णाजी अनंत सभासदाने राजाराममहाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस जी बखर लिहिली, तीत शिवछत्रपतींच्या निधनसमयीच्या खजिन्याची यादी आहे; त्या यादीत मोहरा, पुतळ्या, पातशाही होन, शिवराई होन, अच्युतराई, देवराई, रामचंद्रराई, धारवाडी अशी सोन्याच्या नाण्यांची नावे ओळीने येतात. सारे सोनेच होते, तर ‘इतके मण सोने’ असे एका ओळीत लिहून कारकून मोकळा झाला असता. त्याने तसे केले नाही. कारण देवरायाचा होन आणि विजापूरचा होन यांत वजनाचा, कसाचा आणि पतीचा जो भेद होता, तो त्याच्या दृष्टीने किमतीचा भाग होता. त्या यादीला मी मराठी भाषेतील सुवर्णनाण्यांची पहिली मोठी सूची समजतो, आणि तिचा कर्ता एक हिशेबी माणूस आहे, याचे मला विशेष कौतुक वाटते.

त्या यादीतील शिवराई होन हे आज मराठी संग्राहकाचे परमदैवत होऊन बसले आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या निमित्ताने महाराजांनी पाडलेले हे नाणे पावणेतीन ग्रॅमांच्या आसपास भरते. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. तांब्याच्या शिवराया पुढे दीडशे वर्षे लाखांनी पाडल्या गेल्या आणि त्या अजूनही बाजारात मिळतात. सोन्याचे होन मात्र संग्रहालये व खासगी संग्रह मिळून मोजकेच उरले आहेत. यामुळे आणि महाराजांच्या नावावरील भक्तीमुळे बनावट होनांचे पीकही अमाप आले आहे. भक्त आणि ठक एकाच देवळाच्या पायरीवर बसतात, तसाच हा प्रकार.

आता आपल्या घरांकडे वळू. १७२४ पासून १९४८ च्या सप्टेंबरातील पोलीस कारवाईपर्यंत हा मुलूख आसफजाही अंमलाखाली होता. येथला रुपया हाली शिक्क्याचा, इंग्रजी मुलखातला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार, हा हिशेब आपल्या आजोबा-पणजोबांना तोंडपाठ होता. सोन्याचे नाणे म्हणजे अशरफी. दरबारात नजर करावयाची, तर अशरफी व रुपये रुमालावर ठेवून पुढे करावयाचे. आणि लेकीला द्यावयाची, तर त्याच अशरफीला कडी लावून तिच्या गळ्यात घालावयाची. नांदेडकडच्या एका जुन्या घरात अशी अशरफी मी हातात घेऊन पाहिली आहे. एका बाजूस चारमिनार, त्याच्या मधल्या कमानीत मीर उस्मान अली खान यांच्या नावाचे आद्याक्षर ‘ऐन’, भोवती निजामुल्मुल्क, आसफजाह ही बिरुदे, आणि अब्जद गणनेने ‘मुहम्मद’ या नावाची बेरीज दर्शविणारा ९२ हा अंक; दुसऱ्या बाजूस ‘फर्खुंदा बुनियाद हैदराबाद’ येथे पाडल्याचा लेख. वजन अकरा ग्रॅमांच्या आसपास, म्हणजे तोळ्याला किंचित कमी. उस्मान अलींच्या आरंभीच्या वर्षांतील नाण्यांवर कमानीतला ‘ऐन’ अपुरा आणि नंतरच्या नाण्यांवर पूर्ण असतो, आणि जाणकार संग्राहक प्रथम भिंग नेतो तो त्या कमानीपाशीच. परंतु मी पाहिलेल्या अशरफीवर नेमका हिजरी सन कडीच्या टाक्याखाली बुजला होता. सोनाराने काम चोख केले होते, टाका आजही अभंग आहे. पण त्या टाक्याखाली जे वर्ष गेले, ते गेलेच.

अशरफीच्याही आधी आपल्या गळ्यांत पुतळ्या आल्या. ही पुतळी म्हणजे मूळची व्हेनिसच्या प्रजासत्ताकाची मोहर. साडेतीन ग्रॅमांचे जवळजवळ निर्भेळ सोने. एका बाजूस संत मार्कसमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा अधिपती आणि दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात ख्रिस्त. इराणी आखातातून आणि लाल समुद्रातून मिरी-कापडाच्या मोबदल्यात ती पश्चिम किनाऱ्यावर उतरली, घाट चढून वर आली, आणि तिचा बावनकशी गुण पाहून आपल्या सोनारांनी तिच्या हुबेहूब प्रतिकृती घडविल्या. या प्रतिकृतींवरील रोमन अक्षरे लिपी न जाणणाऱ्याच्या हातची असल्यामुळे नुसती नक्षी होऊन बसली आहेत. संग्राहक दोन्ही जपतो; मूळ पुतळी व्हेनिसच्या व्यापाराची साक्ष देते, आणि नक्कल आपल्या सोनाराच्या निरीक्षणाची.

यावरून मूल्यमापनाची कलमे आता सांगता येतील. पहिले कलम अस्सलपणाचे, कारण त्यावाचून बाकीची सारी कलमे व्यर्थ. ठोकून पाडलेल्या नाण्यावर धातू शिक्क्याच्या दाबाने अक्षराच्या कडेकडे वाहिलेला दिसतो. साच्यात ओतलेल्या नकली नाण्यावर बारीक छिद्रे आणि मऊ, साबणासारख्या कडा दिसतात. कसाची परीक्षा नाणे न घासताही होते. अकरा ग्रॅमांचे शुद्ध सोने पाण्यात बुडवून तोलले, तर त्याचे वजन अर्ध्या ग्रॅमाहून किंचित अधिक घटते. तेवढेच रुपे एक ग्रॅमाहूनही अधिक घटते. कारण सोन्याचे विशिष्ट गुरुत्व १९.३ आणि रुप्याचे १०.५. ही परीक्षा शाळेच्या प्रयोगशाळेत होण्यासारखी आहे, आणि कसोटीच्या दगडाप्रमाणे नाण्याच्या अंगावर ओरखडा उठवीत नाही. दुसरे कलम राजा, टाकसाळ आणि सन यांचे. एकाच बादशहाची एका टाकसाळीची मोहर भरपूर मिळते आणि दुसऱ्या टाकसाळीची दोन-तीनच मिळतात, तेव्हा किमतीत दसपटीचा फरक सहज पडतो. तिसरे कलम अवस्थेचे: अक्षरे पूर्ण उमटली आहेत काय, झीज किती, कडी लागली होती काय, कडा कापल्या आहेत काय, आणि कोणी हौसेने रिठ्याच्या पाण्यात घासून त्याचा शतकांचा वर्ण उतरविला आहे काय. चौथे कलम, ज्याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते, ते उद्गमाचे: हे नाणे कोठे, कशाबरोबर आणि कोणाच्या हाती आले.

या चौथ्या कलमासाठी दोन दाखले पुरेत. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे रुप्याच्या नाण्यांचा निधी सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षत्रप नहपानाची, आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला शिक्का पुन्हा उठविलेला. नहपानाचे राज्य गौतमीपुत्राने जिंकले, याचा एवढा निर्णायक पुरावा दुसरा नाही. हेच नाणे एकेकटे सुटे बाजारात आले असते, तर ती एक मौजेची विकृती ठरली असती. हजारोंनी एकत्र सापडले, म्हणून तो इतिहास झाला. दुसरा दाखला सोन्याचा. १९४६ साली राजस्थानात भरतपूर संस्थानातील बयाना येथे गुप्त सम्राटांच्या सुवर्णनाण्यांचा घडा निघाला. काही नाणी वितळली गेली, आणि उरलेली १,८२१ नाणी भरतपूर दरबाराच्या हाती आली. त्यांची सूची करण्याचे काम ज्यांनी केले, ते आपले राष्ट्रकूटांचे इतिहासकार डॉ. अळतेकर. दुसऱ्या चंद्रगुप्ताचा ‘चक्रविक्रम’ प्रकारचा एकमेव नमुना त्या ढिगात होता. कोणा सोनाराच्या मुशीपासून तो एका हाताच्या अंतरावर राहिला असेल. आणि मुशीत गेलेल्या नाण्यांत आणखी काय होते, हे आता कोणी सांगू शकत नाही.

दूरच्या देशांतही न्याय हाच. अमेरिकेत १९३३ साली राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी नागरिकांजवळचे सोने सरकारजमा करविले. त्याच वर्षी तेथील टाकसाळीत वीस डॉलर किमतीची ४,४५,५०० सुवर्णनाणी पाडली गेली होती. ती चलनात न येताच जवळजवळ सारी वितळविण्यात आली. थोडी चोरवाटेने निसटली, आणि त्यांतील खासगी मालकीला कायद्याची मान्यता मिळालेले एकुलते एक नाणे २०२१ साली न्यूयॉर्कच्या लिलावात सुमारे एक कोटी एकोणनव्वद लाख डॉलरांस विकले गेले. त्यातील निर्भेळ सोने तीस ग्रॅम. किती पाडली यावरून दुर्मीळता ठरत नाही. किती वाचली यावरून ठरते.

दुर्मीळता आणि लोकोपयोग यांचे मात्र नेहमीच जुळते असे नाही. जहांगीर बादशहाची इ. स. १६१३ ची आग्र्याची हजार मोहरांची प्रचंड सुवर्णमुद्रा, जिचे वजन बारा किलोच्या आसपास, ती आसफजाही घराण्याच्या वंशजांकडे आली होती, अशी ख्याती आहे. १९८७ साली ती जिनिव्हाच्या लिलावात पुकारली गेली, तेव्हा भारत सरकारने चौकशी सुरू केली. आणि आज ती कोठे आहे, हे सार्वजनिकरीत्या ठाऊक नाही. जगातील सर्वांत मोठ्या सुवर्णनाण्यांपैकी एक अशा रीतीने लोकांच्या नजरेआड असावे, आणि तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांनी वेचून जमविलेल्या पुराणवस्तूंच्या संग्रहातील मातीचा तुकडा मात्र कोणत्याही शाळकरी मुलास पाहावयास मिळावा, या दोहोंत संग्राहक म्हणून मोठा कोण, याचा निवाडा मी श्रोत्यांवर सोपवितो.

आता कायद्याविषयी थोडे. जमिनीत दडलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले, तर त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यास दिली पाहिजे, असे १८७८ चा निखात निधीचा कायदा सांगतो. न दिल्यास शोधणाऱ्याचा हिस्सा जातो आणि कैदेचीही तरतूद आहे. धन बेवारस ठरले, तर सामान्यतः तीन हिस्से शोधणाऱ्यास आणि एक हिस्सा जमीनमालकास मिळतो. आणि सरकारास ते हवे असेल, तर धातूची किंमत अधिक त्या किमतीचा एक पंचमांश देऊन ते ताब्यात घेता येते. या शेवटच्या कलमावर क्षणभर थांबा. पद्मटंकावरील राजाचे नाव, कारागिराचा हात, यादवांचे राज्य, या साऱ्यांची किंमत कायद्याने सोन्याच्या भावावर वीस टक्के अशी ठरवून ठेवली आहे. बाजारात जे नाणे सोन्याच्या कित्येक पटीने विकले जाते, त्यास सरकारदरबारी सव्वापट मोबदलाही मिळत नाही. मग गरीब शेतकरी तहसिलीची पायरी चढण्याऐवजी रात्री सोनाराचे दार ठोठावतो, यात त्याचा एकट्याचा दोष कसा मानावा? १९६८ ते १९९० पर्यंतच्या सुवर्णनियंत्रण कायद्यानेही दागिन्याखेरीज इतर रूपातले सोने बाळगणाऱ्याच्या मनात धास्ती भरवून मुशीचेच काम सोपे केले. १९७२ चा पुराणवस्तूंचा कायदा शंभर वर्षांहून जुने नाणे देशाबाहेर नेण्यास मनाई करतो, हे योग्यच. परंतु देशातल्या देशात ते मुशीतून वाचविण्याची प्रेरणा केवळ मनाईतून निर्माण होत नाही. मोबदला नाण्याच्या ऐतिहासिक मोलाशी जुळता केला, तर पंचनाम्यास येणाऱ्या घड्यांची संख्या वाढेल, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी अडचण आपल्या मनातली आहे. आपल्या खेड्यांत घडा निघाला, की प्रथम आठवण होते ती गुप्तधनाची, त्यावर बसलेल्या नागाची आणि ते काढून देतो म्हणणाऱ्या भोंदूची. या नादाने माणसांचे जीव गेले आहेत, आणि राज्याच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत गुप्तधनासाठीच्या अघोरी कृत्यांचा समावेश करावा लागला, तो याचमुळे. खरे पाहता, हा घडा पुरणारा माणूस कोणी यक्ष नव्हता; लुटीच्या, दुष्काळाच्या किंवा फौजेच्या भयाने त्याने आपली मिळकत जमिनीच्या हवाली केली, आणि परत येणे त्याच्या नशिबी आले नाही. त्या घड्यातले शेवटच्या सालाचे नाणे पाहिले, की ते भय कोणत्या वर्षी या गावावर आले होते, हे समजते. कंधारच्या किल्ल्यावर बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही असे अंमल एकामागून एक आले; त्या प्रत्येक बदलाच्या वेळी येथील माणसांनी काय भोगले, याची नोंद बखरींत नाही. ती अशाच घड्यांत असणार.

म्हणून माझी विनंती दोन गोष्टींची आहे. पहिली, जे जमिनीतून निघेल त्याच्याविषयी. नाणी धुऊ नयेत, वाटून घेऊ नयेत, घडा फेकू नये. कोणत्या शिवारात, किती हात खोल, कोणत्या भांड्यात आणि कशाच्या सोबत ती होती, हे त्याच दिवशी लिहून ठेवावे, छायाचित्र घ्यावे आणि तहसिलीस कळवावे. दुसरी, जे आपल्या घरांतच आहे त्याच्याविषयी. या व्याख्यानमालेने पुढील वर्षभरात कंधार-लोहा परिसरातील घरोघरच्या अशरफ्या, पुतळ्या, मोहरा आणि होन यांची एक नोंदवही करावी. मालकाचे नाव लिहू नये, नाणे घराबाहेर नेऊ नये. फक्त दोन्ही बाजूंचे छायाचित्र, वजन, आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना ते कोठून आले याविषयी जे आठवते ते. हे काम शाळेतील मुले एका तराजूवर करू शकतील, आणि नाशिकजवळ अंजनेरीस नाणेशास्त्राची जी संशोधनसंस्था आहे, तिच्यासारख्या ठिकाणी ती नोंद वाचून देणारे जाणकार मिळतील. सोन्याचा भाव चढला, की जुने दागिने मोडण्याची लाट येते. ती लाट येण्यापूर्वी ही नोंद झाली, तर दागिना मोडला तरी त्यावरचे अक्षर उरेल.

राष्ट्रकूटांचे सुवर्णनाणे अस्तित्वात असेल, तर ते सापडण्याची संभाव्यता लातूर-कंधारच्या मातीत इतर ठिकाणांहून अधिक आहे. ते नाणे एखाद्या पायाखोदाईत वा विहिरीच्या कामात निघेल, त्या वेळी ते कोणाच्या हाती पडेल, हे आपण ठरवू शकत नाही; परंतु तो हात कंधारचा असेल, तर त्या हाताला मुशीआधी वही आठवावी, एवढी शिकवण गावाच्या अंगी मुरविणे सर्वस्वी आपल्या स्वाधीन आहे. गुरुजींच्या स्मारकाचे हे काम व्याख्यानमालेने अंगावर घ्यावे, अशी माझी सूचना आहे.